कातडं वाळेपर्यंत

केनच्या बँजोचं कातडं फाटलं, तेव्हा उदय मिरजकरला आवाजाच्या आधी वास आला. खरं तर वास यायचं काही कारण नव्हतं. साठ वर्षांपूर्वीचं, वाळून खडखडीत झालेलं वासराचं कातडं. त्यात वास कुठला उरतो? वॉटफर्डच्या त्या पबच्या मागच्या खोलीत रविवारी दुपारी वास असायचे ते सांडलेल्या बिअरचे, ओल्या कोटांचे आणि तळलेल्या बटाट्यांचे. पण फाट्‌कन आवाज झाला, केनची बोटं तारांवर अधांतरी थांबली, आणि उदयच्या नाकात चुन्याचा, केस सुटत आलेल्या बकऱ्याच्या कातड्याचा, मिरजेतल्या ओसरीचा वास असा घुसला की मांडीवरचं मँडोलिन त्यानं उगीचच घट्ट धरलं. गोलात बसलेले बाकीचे नऊच्या नऊ गोरे हसले. एकजण म्हणाला, “आता तरी प्लॅस्टिक बसव केन, दोन हजार सहा साल चाललंय!” केन हसला नाही. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला तो सत्तरीचा माणूस फाटलेल्या कातड्यावरून अंगठा फिरवत राहिला. बँजो त्याच्या बापाचा. पुढचा रविवार केनचा शेवटचा. त्यानंतर तो साउथहॅम्प्टनला लेकीकडे कायमचा राहायला जाणार होता. “कातडं चढवणारा माणूस आता उरलाच नाही या बाजूला,” तो म्हणाला, आणि मग सरळ उदयकडे बघून, “तुझ्या ओळखीत कोणी आहे का रे? तुमच्यात ते तबले असतात ना.” उदय म्हणाला, “नो. नो आयडिया, केन.” इतक्या चटकन म्हणाला की स्वतःच्याच तोंडाची त्याला किळस आली.

एम ट्वेंटीफाइव्ह महामार्गावरून हाउन्सलोला घरी परत येताना गाडीत ब्लूग्रासचीच कॅसेट चालू होती. चालू नसली तर उदयला गाडी चालवता येत नसे. विमानतळावरच्या कार्गोच्या शेडमध्ये तेवीस वर्षं त्यानं पेट्या इकडच्या तिकडे केल्या त्या याच गाण्यांवर. अमेरिकेतल्या कुठल्या तरी डोंगरातल्या खाणवाल्यांचं, तंबाखूवाल्यांचं हे गाणं. पाच तारवाद्यं, ढोलबिल काही नाही, आणि गळा चिरत, नाकातून वर चढणारा आवाज. लोक विचारायचे, तुला यात काय आवडतं बुवा? इथल्या मराठी मंडळातले पुण्याचे लोक तर अशा चेहऱ्यानं विचारायचे, की जणू तो गटाराचं पाणी पितो. शास्त्रीय नाही, नाट्यगीत नाही, गेला बाजार जुनी सिनेमाची गाणी नाहीत. हे काय टिंगटिंगटिंग? त्यांना काय सांगणार? की मुख्य गाणाऱ्याच्या वर जो दुसरा आवाज चढतो तो आपल्या तमाशातल्या झीलकऱ्यासारखा चढतो? की बँजो म्हणजे तीन बोटांनी वाजवलेलं कातडंच असतं, तारा नुसत्या वरवरच्या? सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता: तुम्हाला हो कातड्यातलं इतकं कसं कळतं? म्हणून तो म्हणायचा, “आपलं असंच. छंद.” वीस वर्षं ‘आपलं असंच.’ थू.

खरं कारण एकच होतं. त्या गोलात कोणी आडनाव विचारत नाही. वर्तुळात खुर्च्या टाकायच्या, कोणीतरी गाणं सुरू करायचं, आणि तो फक्त एवढंच सांगतो की कुठल्या पट्टीत. मग कडवं संपलं की गाणारा एकाकडे बघून हनुवटी किंचित वर करतो. बस. म्हणजे आता तुझी पाळी. तू चांगला अस की वाईट, काळा अस की पिवळा, हनुवटी तुझ्याकडे झाली की ती सोळा आवर्तनं तुझी, बाकीचे सगळे आवाज खाली घेतात आणि तुला वाट देतात. एक्क्याण्णव साली पहिल्यांदा केनची हनुवटी त्याच्याकडे झाली, तेव्हा उदयला हुंदका फुटायचा बाकी राहिला होता. मंडळात याच्या उलट. गणपतीत पहिल्या वर्षी प्रसादाचा द्रोण हातात पडायच्या आधी प्रश्न आला होता: “मिरजकर? म्हणजे मूळचे कोण?” उदय म्हणाला होता, “मिरजेचे.” विचारणारा हसला होता. ते हसणं अजून त्याच्या दातात अडकलेलं होतं. मिरजकर हे आडनाव त्यानं त्र्याऐंशी साली, बायकोच्या, अरुणाच्या पाठोपाठ या देशात येण्याआधी, रीतसर अर्ज करून घेतलं होतं. जुनं आडनाव कागदावर जिथं जिथं होतं तिथं तिथं त्यानं ते पुसून टाकलं, आणि तोंडात तर गेल्या तेवीस वर्षांत एकदाही आणलं नाही.

आणि त्या गोलाचंही फार कौतुक नको. तिथंही किळस यावी असं पुष्कळ होतं. वॉटफर्डचे प्लंबर आणि शाळामास्तर, रविवारी दुपारी काउबॉयच्या टोप्या घालायचे आणि एकमेकांशी बोलताना वॉटफर्डचे, गायला तोंड उघडलं की थेट केंटकीचे. डोंगरातल्या झोपडीची, म्हाताऱ्या आईची आठवण काढून गळा काढायचे. आई बिचारी दोन बसस्टॉपवरच्या वृद्धाश्रमात असायची. आणि उदय काय वेगळा होता? मिरजेच्या नाकातून त्याच डोंगरातल्या झोपडीवर गळा काढत होता. स्वतःची ओसरी सोडून दुसऱ्याच्या झोपडीसाठी रडायला माणूस साडेचार हजार मैल येतो, यापेक्षा ओंगळ काय असतं?

ती ओसरी म्हणजे दादांची, त्याच्या वडिलांची. दादा तबले, ढोलक्या, पखवाज मढवायचे. मिरजेत गाण्याचं वेड, गवयांची ये-जा, त्यामुळं काम भरपूर. कातडं कसायाकडून यायचं, चुन्यात पडायचं, चौथ्या दिवशी दादा ते गुडघ्यावर घेऊन बोथट सुरीनं केस खरवडायचे. उदय पाणी ओतायचा. शाळेत त्याच्या बाकावर दुसरं कोणी बसत नसे, मास्तर म्हणायचे, “बस तिकडं खिडकीशी, वारा लागेल.” मोठमोठे गवई यायचे. तबल्याला बोट लावून ‘वा’ म्हणायचे. पण तबला पायरीवर ठेवायला लावून, त्यावर तांब्यातलं पाणी शिंपडून मग उचलायचे. त्याच तबल्याला घरी देवघरात ठेवून दसऱ्याला हळदकुंकू वाहायचे. तबला देवघरात आणि तबल्याचा बाप उंबऱ्याबाहेर! दादांना याचं काही वाटत नसे, किंवा वाटत असेल तर ते हातातल्या सुरीत जात असावं. उदयची आई, यमुना, मिशनच्या दवाखान्यात आया होती. तिथं यंत्रं दुरुस्त करायला एक अमेरिकन आला होता. सगळे त्याला बिलीसाहेब म्हणत. त्याचं हे बँजो नावाचं वाद्य पावसाळी हवेत सैल पडून फाटलं, म्हणून आईनं त्याला ओसरीवर आणलं. दादांनी असलं वाद्य जन्मात बघितलं नव्हतं. उलटसुलट करून बघितलं, टिचकी मारली आणि म्हणाले, “ही तर आपल्या डफाची मावसबहीण!” दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कातडं वाळलं. बिलीसाहेब तिथंच पायरीवर बसून वाजवायला लागला, आणि नऊ वर्षांच्या उदयला पहिल्यांदा कळलं की त्या वासातून असाही आवाज निघू शकतो. आईनं शेंगदाणे-गूळ आणला. दादांनी चुन्यानं पांढऱ्या पडलेल्या ओंजळीत घेऊन पुढे केला. बिलीसाहेबानं ओंजळीतून उचलून तोंडात टाकला. गल्ली बघत होती.

हा प्रसंग उदयनं आयुष्यभर कापसात गुंडाळून जपला होता. पण कापूस उलगडला की खाली दुसरी गोष्ट होती. तीन महिन्यांनी मिशनच्या इंग्रजी मासिकात दादांचा फोटो आला, ओणवे, उघडे, गुडघ्यावर कातडं. खाली दादांचं नाव नव्हतं. ‘चामड्याचं काम करणारा एक मनुष्य, मिरज.’ आईनं फोटो कापून भिंतीवर लावला. उदय दहावीला गेल्यावर त्यानं तो काढला आणि चुलीत घातला. दादा बघत होते. नंतर दादा वारले तेव्हा उदय हाउन्सलोत होता, आणि मंडळातल्या लोकांना त्यानं सांगितलं, “वडिलांचं वाद्यांचं दुकान होतं.” लोक म्हणाले, “वा! सरस्वतीचं घर.” सरस्वतीनं कधी चुन्यात हात घातलेला उदयला तरी माहीत नव्हता.

सोमवारी कामावरून सुटल्यावर तो साउथॉलच्या देशी बाजारात गेला. कसायाला म्हणाला, बकऱ्याचं कातडं हवंय, न चिरलेलं. कसाई हसला, “क्या करोगे भाईसाब, जूता बनाओगे?” उदयचा हात काउंटरवर आवळला गेला, पण कसायाचा काही दोष नव्हता, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. बांधकामाच्या सामानाच्या दुकानातून चुना आणला. बागेतल्या शेडमध्ये बादली, बादलीवर झाकण, झाकणावर वीट. मंगळवारी केनकडे जाऊन बँजो आणला, केनला एवढंच म्हणाला, “एकजण मिळालाय.” कोण मिळालाय, ते म्हणाला नाही. पुन्हा तेच. शुक्रवारी संध्याकाळी शेडमध्ये गुडघ्यावर फळी घेऊन तो केस खरवडायला बसला आणि त्याच्या लक्षात आलं की हातांना सगळं येतंय. छत्तीस वर्षं त्यानं या हातांनी हे केलं नव्हतं, आणि हात तर असे चालत होते की जणू इतकी वर्षं आत बसून वाट बघत होते. त्याला ओकारी आली. ओकारी आली तरी हात थांबले नाहीत. वैभवी शेडच्या दारात येऊन उभी राहिली. सव्वीस वर्षांची, इथंच वाढलेली, औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट असलेली त्याची लेक. नाक दाबून म्हणाली, “ओह माय गॉड बाबा, हा काय आहे?”

“कातडं. केनच्या बँजोला.”

“तुला हे येतो? रिअली? कोणी शिकवला?”

“तुझ्या आजोबांनी.”

“म्हणजे आजोबा ड्रम-मेकर होता? तू मला कधी सांगितला नाही! दॅट्स सो कूल.”

कूल. उदय तिच्याकडे बघत राहिला. ज्या गोष्टीसाठी त्यानं नाव बदललं, देश बदलला, बापाचा फोटो चुलीत घातला, ती गोष्ट या पोरीला कूल वाटत होती. तिला मिठी मारावी की एक थोबाडीत द्यावी, ते त्याला कळेना. ‘आईला सांगू नकोस’ एवढंच तो म्हणाला. कारण दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पुष्करचे आईवडील घरी येणार होते. पुष्कर पुण्याचा, इथं वर्क व्हिसावर सॉफ्टवेअरमध्ये, वैभवीचा दोन वर्षांपासूनचा मित्र. पोरांचं ठरलेलंच होतं. पण दीनानाथराव आणि श्यामलाताई खास पुण्याहून आले होते ते ‘घर बघायला’. घर म्हणजे भिंती नव्हेत, हे अरुणाला आणि उदयला बरोबर कळत होतं.

शनिवारी सकाळी अरुणाला कातडं सापडलं. चुना उतरावा म्हणून त्यानं ते वरच्या बाथटबमध्ये स्वच्छ पाण्यात सोडलं होतं. ती किंचाळली नाही. तीस वर्षं वॉर्डात काढलेली नर्स ती, खाली आली, वड्यांच्या पिठाचा हात तसाच, आणि दबक्या आवाजात म्हणाली, “आज? अहो, आजच?”

“उद्या केनला द्यायचंय. आज दुपारी चढवलं नाही तर वाळणार नाही.”

“खड्ड्यात गेला तुमचा केन. मी या देशात लोकांची हगणीमुतणी काढली, पण घरी येताना दोनदा आंघोळ करून आले. कुणाला वास लागू दिला नाही कधी. तुमच्यासुद्धा अंगाचा. आणि तुम्ही पोरीच्या सोयरिकीच्या दिवशी टबात कातडं भिजत घालता?”

“तिला आवडलं.”

“तिला काय कळतंय! तिला कुणी खिडकीशी बसवलंय का कधी?”

अरुणा त्याच गल्लीतली होती. तिचा बापही कुणाच्या तरी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलेला. उदयनं कातडं काळ्या पिशवीत कोंबलं आणि मागच्या दाराशी कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मग साबणानं हात धुतले, मग डेटॉलनं, मग अरुणानं दिलेल्या लिंबानं. धुताना त्याला दादा आठवले नाहीत, केन आठवला नाही. आठवला तो चुलीत वळत जाणारा फोटो: कडा आधी काळ्या होतात, मग मधलं माणूस.

पाहुणे चारला आले, बरोबर पुष्करही. दीनानाथराव बोलके, श्यामलाताई नीटनेटक्या, घरभर नजर फिरवून झाल्यावर मग हसणाऱ्या. अरुणाचे बटाटेवडे दोघांनी दोन-दोन खाल्ले. श्यामलाताई म्हणाल्या, “अगदी आपल्याकडच्यासारखे हो!” भिंतीवर टांगलेल्या मँडोलिनकडे बघून दीनानाथरावांनी विचारलं, “पुष्कर म्हणत होता, तुम्हाला त्या अमेरिकन लोकसंगीताचा नाद आहे. संगीत पिढीजात का तुमच्याकडे?”

“हो,” उदय म्हणाला. “वडिलांचं वाद्यांचं दुकान होतं. मिरजेला.”

“अरे वा! मग तर गवयांच्या बैठका बघितल्या असतील.”

“बघितल्या ना.”

“आणि मिरजकर हे मूळ नाव, की...?” श्यामलाताईंनी वाक्य तिथंच सोडलं, जसं सभ्य माणसं सोडतात, खाली पडलेलं दुसऱ्यानं उचलावं म्हणून. तेवढ्यात मागचं दार वाजलं आणि वैभवी आत आली. तिच्या दोन्ही हातांत काळी पिशवी होती. पिशवीतून पाणी गालिच्यावर गळत होतं.

“बाबा, हा बिनमध्ये कोण टाकला? मी पुष्करला दाखवणार होती! केनला उद्या पाहिजे ना?” आणि श्यामलाताईंकडे वळून, आनंदानं, “काकू, माझा आजोबा हे बनवायचा. ड्रम्सचा स्किन. बाबाला पण येतो. सगळा हातानी.”

श्यामलाताईंच्या पदराचं टोक सावकाश नाकाशी गेलं. त्यांनी ते मुद्दाम केलं नाही. हात आपोआप गेला, आणि तेच उदयला सगळ्यात ओंगळ वाटलं, की यांचेही हात आतून शिकलेले आहेत, त्याच्यासारखेच. त्यानं अरुणाकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, फक्त विनवणी होती: म्हणा काहीतरी, म्हणा की केनचं आहे, म्हणा की छंद आहे. म्हणता आलं असतं. जीभ तेवीस वर्षांची तयार होती. पण त्याला दिसत होतं ते पोरीचं हसू. ते हसू अजून शाबूत होतं, आणि त्यानं आता तोंडातून ‘छंद’ काढला असता तर ते जिथं मोडलं असतं तिथं शाळेतला तो खिडकीशेजारचा बाक होता.

“बँजो आण वैभवी,” तो म्हणाला. “कपाटात आहे.”

त्यानं गालिच्यावर वर्तमानपत्र पसरलं, बाही वर केली आणि ओणवा झाला. ओलं कातडं बँजोच्या गोलावर टाकलं, आतलं कडं, बाहेरचं कडं, अंगठ्यांनी चहूकडून ताणत, खेचत, दाबत. वास खोलीभर झाला. दादांसारखंच त्याचं ढुंगण वर आणि डोकं खाली. फोटो काढायला कोणी नव्हतं एवढंच. “दुकान नव्हतं,” तो खाली बघतच म्हणाला. “ओसरी होती. माझे वडील मेलेल्या जनावराचं कातडं चुन्यात घालून, केस काढून, तबले मढवायचे. गवई पाणी शिंपडून न्यायचे. मिरजकर हे आडनाव मी लावून घेतलं. मूळचं लव्हाळे. जातीनं ढोर.” हा शब्द त्यानं मराठीत मोठ्यानं शेवटचा कधी उच्चारला होता, ते त्याला आठवेना. खोलीत तो शब्द नुसता पडून राहिला, कातड्यासारखा ओला. पुष्कर खुर्चीवरून उठून त्याच्याशेजारी खाली बसला आणि म्हणाला, “काका, ही कडा मी धरू का?” “धर. घट्ट. निसटेल.” पोरानं धरली. चेहरा त्याचाही आंबला होता, पण धरली.

शेवटचा स्क्रू हलका आवळून उदय उठला. आता करण्यासारखं काही नव्हतं. उद्या दुपारपर्यंत कातडं आपलं आपण ताणत जाणार होतं. त्याचे हात कोपरापर्यंत ओले, चिकट. अरुणा नॅपकिन घेऊन पुढे झाली. त्यानं घेतला नाही. टेबलावरून वड्यांचं ताट त्यानं उचललं, एक वडा बोटांनी धरला आणि श्यामलाताईंपुढे केला.

“घ्या ना.”

श्यामलाताईंनी वड्याकडे बघितलं, बोटांकडे बघितलं. मग फार गोड हसल्या. “नको हो, माझा आज शनिवार असतो. उपास.”

“पण काकू,” वैभवी म्हणाली, तिला खरंच कळलं नव्हतं, “तू आत्ता दोन खाल्ला.”

दीनानाथराव खोकले. अरुणा भिंतीकडे वळली; तिचे खांदे हलत होते, रडत होती की काय ते मागून कळत नव्हतं. वैभवी एकेकाच्या तोंडाकडे बघत गेली, श्यामलाताईंकडे, आईकडे, बाबाच्या पुढे धरलेल्या हाताकडे. आणि उदयला तिच्या चेहऱ्यावर ते कळणं चढत जाताना दिसलं, केसांपासून खाली हनुवटीपर्यंत. इतकी वर्षं त्यानं हेच लांब ठेवलं होतं. तिनं हनुवटी किंचित वर केली. मग पुढे होऊन तिनं बापाच्या बोटांतला वडा आपल्या तोंडानंच घेतला आणि श्यामलाताईंकडे बघत, सावकाश, शेवटपर्यंत चावून खाल्ला.

वर्तमानपत्रावरच्या बँजोचं कातडं वाळू लागलं होतं. कडेशी कुठंतरी एक शीर ताणली गेली आणि बारीक ‘टक्’ झालं. त्या खोलीत ते सगळ्यांना ऐकू गेलं.